पंच चुकले का हो?

दोस्तांनो, एक अगदी खरं सांगा. वक्तृत्व असो, नाटक असो, नाहीतर चित्रकला. स्पर्धेत तुमचा नंबर आला नाही, तर घरी येऊन तुमचं पहिलं वाक्य काय असतं? ‘परीक्षकांना काही कळतच नाही!’ हो की नाही? लाजू नका. लहानपणी मीही हेच म्हणायचे.

आणि मोठी माणसं तरी काय वेगळं करतात? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार असोत, फिल्मफेअर असो, नाहीतर ऑस्कर. निकाल लागला, की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून एसटीच्या रांगेपर्यंत एकच वाद. ‘त्याला कसं काय दिलं? खरं तर दुसऱ्यालाच मिळायला हवं होतं!’

वाद घालायला माझी ना नाही. उलट, वाद घालावाच. पण कसा? त्याची युक्ती मला गेल्या वर्षी मे महिन्यात सापडली. तीही कुठे? रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला, माझ्या मामाच्या ओटीवर!

ट्रंकेत गेलेलं लुगडं

कोलाड म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. रोह्याला जायचा फाटा इथेच फुटतो. जवळून कुंडलिका नदी वाहते. कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे, आणि तिथली एक गंमत तुम्ही एकदा बघाच. मालाने भरलेले ट्रक सरळ रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढतात आणि ड्रायव्हरकाकांसकट गोव्याकडे निघतात! १९९९ सालापासून ही सोय आहे.

मामाकडे सुट्टीला चार मुलं जमली होती. त्यांतली सगळ्यांत मोठी माझ्या मामेभावाची लेक. नववीतून दहावीत गेलेली. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून आपणही ताईच म्हणू. एरवी ही बडबडी मुलगी, पण या वेळी गप्प गप्प.

कारण कळलं. आंतरशालेय नाट्यस्पर्धेत ताईने म्हातारी आजी उभी केली होती. नऊवारी लुगडं, वाकलेली पाठ, थरथरते हात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण अभिनयाचं बक्षीस गेलं दुसऱ्या शाळेतल्या मुलीला. ‘आणि तिला वाक्यं किती होती माहितीय, आत्या? फक्त चार!’ ताई म्हणाली. घरी येऊन तिने लुगडं घडी करून ट्रंकेत टाकलं, ते टाकलंच. ‘आता नाटक बंद!’

मामा सुपारी कातरत ऐकत होता. तो शांतपणे म्हणाला, ‘अगं बाय, ‘श्वास’मधल्या आजोबाला तरी कुठे मिळालं होतं?’

झालं! वादाला तोंड फुटलं.

नातवाला मिळालं, आजोबांना नाही

संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला ‘श्वास’ तुम्ही पाहिलाय ना? छोट्या परशाच्या डोळ्याला कॅन्सर होतो. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागणार, आणि ऑपरेशन झालं की दृष्टी जाणार. आजोबा त्याला ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर नेतात. का? तर जग एकदा डोळे भरून पाहू दे म्हणून.

२००३ सालच्या चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार २००४ मध्ये जाहीर झाले. ‘श्वास’ देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. परशा झालेल्या अश्विन चितळेला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा मान मिळाला. पण आजोबा झालेल्या अरुण नलावडे यांचं काय? सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार ‘पितामगन’ या तमिळ चित्रपटातल्या विक्रमला गेला.

‘अन्यायच हा!’ ताई ताडकन म्हणाली.

‘तू ‘पितामगन’ पाहिलायस?’ मामाने विचारलं.

ताई गप्प. आम्ही सगळेच गप्प. कारण ओटीवरच्या एकानेही तो पाहिला नव्हता!

तर मित्रांनो, हा वादाचा पहिला नियम. जो हरला त्याचं काम तर आपण पाहिलेलं असतंच. पण जो जिंकला, त्याचं पाहिलंय का? नसेल तर आपण फार तर ‘मला हे काम आवडलं’ एवढंच म्हणू शकतो. ‘त्याला चुकीचं दिलं’ असं नाही म्हणू शकत.

रिंगणात कोण होतं?

तेवढ्यात शेजारचे निवृत्त गुरुजी आले. त्यांनी थेट १९५४ साल काढलं.

त्या वर्षी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक कुणाला मिळालं असेल? आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला! साने गुरुजींच्या पुस्तकावरचा हा मराठी चित्रपट सगळ्या देशात पहिला आला. आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला काय मिळालं? गुणवत्तेचं प्रमाणपत्र.

पण थांबा! त्याच वर्षी फिल्मफेअर पुरस्कारही सुरू झाले. तिथे सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दो बिघा जमीन’. फ्रान्समधल्या कान महोत्सवातही त्याला पारितोषिक मिळालं.

‘म्हणजे कुणीतरी चुकलंच की!’ धाकट्याने टुणकन उडी मारली.

‘असं कसं? आधी विचार, रिंगणात कोण कोण होतं,’ गुरुजी म्हणाले. ‘फिल्मफेअरच्या त्या स्पर्धेत हिंदी चित्रपट होते. ‘श्यामची आई’ तिथे उतरलीच नव्हती. मग ती हरली कशी म्हणायची?’

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. आई झालेल्या वनमाला आणि श्याम झालेला माधव वझे यांना त्या वर्षी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही. का? तर तसा पुरस्कारच नव्हता! अभिनेता-अभिनेत्रींसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले, आणि बालकलाकाराचा त्याच्या पुढच्या वर्षीपासून. आज कुणी म्हणालं, ‘श्यामला पुरस्कार दिला नाही, केवढा हा अन्याय!’ तर त्याला काय सांगाल?

मामाचा हट्ट

आता मामा सरसावून बसला. ‘सगळे पुरस्कार राहू द्या बाजूला. खरा सिनेमा एकच, ‘जैत रे जैत’!’

का माहितीय? कोलाडहून मुंबईकडे निघालात, की पेण मागे टाकल्यावर कर्नाळ्याचा सुळका दिसतो. गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ कादंबरीत तिथल्या ठाकरांची गोष्ट सांगितली आणि डॉ. जब्बार पटेलांनी १९७७ साली त्यावर चित्रपट केला. म्हणजे मामाच्या मते हा ‘आपला’ सिनेमा!

त्याला त्या वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देशात पहिला आला मात्र ‘घटश्राद्ध’ हा कन्नड चित्रपट. ‘जैत रे जैत’ची नायिका स्मिता पाटील त्याच वर्षी देशातली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. पण या चित्रपटासाठी नव्हे बरं का, तर ‘भूमिका’ या हिंदी चित्रपटासाठी. आता सांगा, डोंगरात बागडणारी चिंधी सरस, की ‘भूमिका’तली नटी सरस? दोन्हीकडे स्मिताच! स्वतःशीच स्पर्धा!

मामाच्या बोलण्यात चूक कुठे होती, ते चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच. आपल्या गावचा, आपल्या भाषेचा म्हणून एखादा सिनेमा लाडका असायला काहीच हरकत नाही. पण ‘माझा लाडका’ आणि ‘सगळ्यांत चांगला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेल्या नाना पाटेकरांना ‘क्रांतिवीर’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो रायगडचे म्हणून नाही, काम चांगलं केलं म्हणून!

नदीचं पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन कुंडलिकेवर गेलो. वरच्या वीजप्रकल्पातून पाणी सोडलं, की नदी फुगते आणि रबरी तराफे उसळत निघतात. पाणी ओसरलं, की नदी पुन्हा शांत आणि दगड उघडे.

‘समजा, एक तराफा सकाळी भर पाण्यात सोडला आणि दुसरा संध्याकाळी या दगडांत,’ मी विचारलं. ‘तर वल्हवणारा कोण चांगला, ते ठरवता येईल?’

‘छे! पाणी एकच हवं ना!’ ताई म्हणाली. आणि मग आपणहून पुढे बोलली, ‘म्हणजे वर्षही एकच हवं.’

अगदी बरोबर. पुरस्कार त्या एका वर्षाचा असतो. एखाद्या वर्षी चार उत्तम चित्रपट एकदम येतात आणि तीन हरतात. एखाद्या वर्षी पाणी कमी असतं, तेव्हा मध्यम चित्रपटही पैलतीर गाठतो.

नऊ जण, तीन विजेते!

आता ती खरी गंमत ऐका. घरी आम्ही ज्यूरी भरवली. तीन संध्याकाळी टीव्हीवर तीन चित्रपट पाहिले : ‘श्यामची आई’, ‘श्वास’ आणि २०१८ सालचा ‘नाळ’. मतं देणारे नऊ. मामा, मामी, गुरुजी, मामेभाऊ, वहिनी आणि चार मुलं. मी मोजणार. प्रत्येकाने चिठ्ठीवर पहिला, दुसरा, तिसरा नंबर लिहायचा. (यादीत ‘जैत रे जैत’ नाही म्हणून मामा फुरंगटला. पण राष्ट्रीय पुरस्कारातही तसंच असतं. ज्याचा अर्ज आला नाही, त्याचा विचार होत नाही!)

चिठ्ठ्या उघडल्या, त्या अशा :

चार मुलं : पहिला ‘नाळ’, दुसरा ‘श्वास’, तिसरा ‘श्यामची आई’.
मामा, मामी, गुरुजी : पहिला ‘श्यामची आई’, दुसरा ‘श्वास’, तिसरा ‘नाळ’.
मामेभाऊ आणि वहिनी : पहिला ‘श्वास’, दुसरा ‘श्यामची आई’, तिसरा ‘नाळ’.

‘नाळ जिंकला!’ मुलांनी ओटी डोक्यावर घेतली. बरोबरच होतं. पहिल्या नंबरची मतं बघितली तर ‘नाळ’ ४, ‘श्यामची आई’ ३, ‘श्वास’ २.

‘थांबा,’ गुरुजी म्हणाले. ‘नवातल्या पाच जणांनी ‘नाळ’ला शेवटचा नंबर दिलाय. असं करू. सगळ्यांत कमी मतं ‘श्वास’ला आहेत, म्हणून तो बाद. ज्या दोघांनी त्याला पहिला नंबर दिला, त्यांची मतं त्यांच्या दुसऱ्या नंबराला द्या.’ दोन्ही मतं ‘श्यामची आई’ला गेली. तिची झाली ५ आणि ‘नाळ’ची ४. ‘श्यामची आई’ विजयी!

आता वहिनी पुढे आल्या. ‘आमच्या शाळेत गुण देतात. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. तसं मोजा.’ मोजलं. ‘नाळ’ १७. ‘श्यामची आई’ १७. आणि ‘श्वास’? चक्क २०!

बघा हं, माणसं तीच नऊ. चिठ्ठ्या त्याच. कुणी लबाडी केली नाही, कुणी मत बदललं नाही. नुसती मोजायची पद्धत बदलली आणि तीन वेळा तीन वेगळे विजेते! माझ्यावर विश्वास नसेल, तर वही घ्या आणि स्वतः बेरीज करून बघा.

ही काही नुसती घरगुती करमणूक नाही. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट निवडताना हजारो सभासद असेच क्रमाने नंबर लिहितात, आणि सगळ्यांत मागे पडलेला चित्रपट बाद करत करत त्याची मतं पुढे देतात. म्हणजे गुरुजींची पद्धत! आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत हजारो मतं नसतात. आधी विभागवार परीक्षक चित्रपट बघतात आणि मग मध्यवर्ती परीक्षक मंडळ चर्चा करून ठरवतं. थोडी माणसं आणि एक खोली. मंडळ बदललं, तर निकालही बदलू शकतो.

जिंकणाराही म्हणाला...

१९८३ सालच्या ऑस्करची गोष्ट तर फार छान आहे. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाले. त्यांतलं एक कोल्हापूरच्या भानू अथय्या यांचं, वेशभूषेसाठी. ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय! त्या वर्षी ‘गांधी’पुढे कोण हरलं माहितीय? स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘ई. टी.’. तोच तो, परग्रहावरून आलेल्या गोड पाहुण्याचा. आणि पुढे खुद्द ॲटनबरोंनीच सांगितलं, की सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर ‘ई. टी.’ला मिळायला हवं होतं. जिंकलेला माणूस हे म्हणतो! केवढं मोठं मन!

याच ‘गांधी’त कस्तुरबा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. ब्रिटनमधल्या बाफ्टा पुरस्कारात त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून. ऑस्करच्या यादीत मात्र त्यांचं नावही नव्हतं. काम एकच, पण एका ठिकाणी पहिला नंबर आणि दुसरीकडे यादीतही नाही. मग रोहिणीताईंची कस्तुरबा चांगली की वाईट? ते पाहणाऱ्याने ठरवायचं. अभिनय पडद्यावर तसाच आहे.

आपल्या ‘श्वास’चंही तसंच झालं. भारताने तो ऑस्करला पाठवला. अमेरिकेत त्याची माहिती पोचवायला भरपूर पैसा लागणार होता, म्हणून इथल्या लोकांनी निधी जमवला. पण अखेरच्या पाचांत तो आला नाही. परभाषेतल्या चित्रपटाचं ऑस्कर स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ने नेलं. तरी कोलाडच्या ओटीवर ‘श्वास’ बघताना वहिनींनी पदराने डोळे पुसले, ते काही ऑस्करला विचारून नाही!

ताई परीक्षक होते

माझी सुट्टी संपली. निघताना ट्रंक बंदच होती. ताईला मी काही शिकवायला गेले नाही. एवढ्या लवकर राग जात नसतो, मित्रांनो.

मग गणपती आले. वाडीतल्या बालगोपाळांची पाठांतराची स्पर्धा होती आणि परीक्षक आयत्या वेळी आले नाहीत. मंडळाने ताईलाच बसवलं. रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला.

‘आत्या, दोन मुलं इतकी सारखी होती! एकाचं पाठ चोख, पण नुसतं घडाघडा म्हणाला. दुसरी एका जागी अडखळली, पण बोलली अशी, की अंगावर काटा आला. मी तिला पहिला नंबर दिला. तो मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मी चुकले का गं?’

मी विचारलं, ‘का दिलास, ते त्याला सांगितलंस?’

‘नाही.’

‘मग उद्या सांग.’

दुसऱ्या दिवशी ताई त्या मुलाच्या घरी गेली. त्याचं काय आवडलं, कुठे कमी पडलं, ते तिने समजावून सांगितलं. तो लगेच हसला वगैरे नाही. पण त्याने विचारलं, ‘म्हणजे पुढच्या वर्षी सावकाश म्हणू?’

मला वाटतं, पुरस्कार देणाऱ्या प्रत्येकाचं हे कर्तव्यच आहे. नंबर द्या, पण कारणही द्या. आणि आपण वाद घालतो, तेव्हा आपणही तसंच करावं. ‘अन्याय झाला’ एवढं ओरडून भागत नाही. का झाला, ते सांगता आलं पाहिजे.

हो, आणि चार वाक्यांची ती मुलगी आठवते? ताईने तिच्या नाटकाचं मोबाइलवर केलेलं चित्रण एका मैत्रिणीकडून मिळवलं आणि पाहिलं. ‘आत्या, ती बोलत नव्हती ना, तेव्हासुद्धा माझं लक्ष तिच्याकडेच जात होतं,’ ती म्हणाली. जरा थांबून पुढे, ‘तरी माझी आजी काही वाईट नव्हती हं!’

नव्हतीच मुळी! दोन्ही खरं असू शकतं. २०१८ सालच्या चित्रपटांसाठी ‘नाळ’च्या श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही एकट्याला नाही. वेगवेगळ्या भाषांतल्या चार मुलांना मिळून! परीक्षकांनाही कधीकधी एकच नाव काढणं जमत नाही.

ट्रंक उघडली का, असं विचारताय? उघडली. दिवाळीनंतर. लुगड्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता, एवढीच तक्रार होती म्हणे!

आता तुमची पाळी. या सुट्टीत घरातल्यांना गोळा करा, तीन चित्रपट निवडा, पूर्ण बघा, चिठ्ठ्या लिहा आणि तिन्ही पद्धतींनी मोजा. विजेता एकच आला की वेगवेगळे, ते आम्हाला जरूर कळवा. आणि हो, कारण लिहायला विसरू नका!